केंटची मुलगी, कळसाडीचं घर

रविवारच्या पुरवणीतला एक रकाना माझ्याकडे होता. जगात कुठे उत्खनन झालं, कुठे जुनी हाडं सापडली, ते सोप्या मराठीत द्यायचं. नंदुरबारच्या कार्यालयात बसून मी तो लिहीत असे. मिरचीच्या हंगामात खिडकी बंद ठेवावी लागे, कारण वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका थेट टेबलापर्यंत येई.

त्या आठवड्यात इंग्लंडमधल्या केंट काउंटीचा मजकूर होता. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजावा. तिथल्या जुन्या दफनभूमीतल्या, आरंभीच्या मध्ययुगातल्या माणसांच्या हाडांतून संशोधकांनी डीएनए काढला होता. या लोकांचे पूर्वज मूळचे कुठले, हा प्रश्न होता. उत्तर एका ओळीत बसणारं नव्हतं. बऱ्याच जणांचं मूळ समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर, आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या बाजूला निघालं. काहींचं तिथल्याच आधीच्या रहिवाशांत. पुरण्याची रीत मात्र एकच होती आणि ही माणसं शेजारी शेजारी होती.

त्यांच्यात दहा-बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्याजवळ मडकं, सुरी आणि हाडाची फणी ठेवलेली होती. तिच्या नात्यातल्या बायकाही त्याच जागी पुरलेल्या होत्या. थडग्यावरून तिच्यात वेगळं काही दिसत नव्हतं. हाडांनी सांगितलं की तिचे वडिलांकडचे आजोबा, किंवा त्या पिढीतलं कोणीतरी, बहुधा पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांच्या वंशातलं होतं.

‘बहुधा’ हा शब्द ठेवून मी मजकूर पानावर पाठवला. तेवढ्यात भाच्याच्या, थोरल्या भावाच्या मुलाच्या, बायकोचा फोन आला. तिला दिवस गेले होते. घरात आम्ही अहिराणीच बोलतो आणि आत्याला फुई म्हणतो. नवऱ्याची फुई म्हणून तीही मला तेच म्हणते.

“फुई, शहादाले मनं रगत तपासं. त्यामा कायतरी निंघनं. तुम्ही घर येशात का?”

“काय निंघनं?”

“सिकलसेल,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, “सासूबाई बोलत नहीत मनासंगे.”

सिकलसेल हा शब्द मला नवा नव्हता. या जिल्ह्यात बातमीदारी करणाऱ्या कोणालाच तो नवा नसतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात आणि माणसाला कळा येतात. एकाच पालकाकडून दोष आला तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही आणि त्याला ते आयुष्यभर कळतही नाही. दोन्ही पालक वाहक असले, तर प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता आजाराची. हे वाक्य मी निरनिराळ्या बातम्यांत इतक्या वेळा लिहिलं होतं की ते लिहिताना हात थांबत नसे.

आता थांबला. धडगावकडच्या एका दवाखान्यात मी पूर्वी या आजाराची एक लहान मुलगी पाहिली होती. ती रडत नव्हती. तिनं घोंगडीचं टोक दातांत धरलं होतं आणि पाय पोटाशी घेऊन ती भिंतीकडे पाहत होती. तिची आई म्हणाली होती, रडलं की जास्त दुखतं, हे तिला कळलंय. बातमीत ते वाक्य बसलं नाही, म्हणून मी काढलं होतं. भाच्याच्या बायकोचा फोन ठेवल्यावर ते शब्दन् शब्द आठवलं.

शनिवारी संध्याकाळी मी कळसाडीला, भावाच्या घरी गेले. प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर एसटी उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकली. घरी पोचले तेव्हा वहिनीनं चहा दिला, सुनेचा विषय काढला नाही. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

रविवारी सकाळी पेपर आला. माझा रकाना ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, ही थोरल्या भावाची सवय होती. समोर ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं पडलं होतं. काही नळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या आणि भाचा त्या कापून जोडत होता. वहिनी तुरीच्या शेंगा सोलत होती. भावानं केंटचा मजकूर शेवटपर्यंत वाचला आणि मांडीवर थाप मारून हसला.

“देख वं बाई, साहेबना बी आजा कोठला कोठला! अन् आमले काळा म्हनत व्हतात!”

भाचाही हसला. वहिनी हसली नाही. दाराच्या चौकटीआडून सुनेचा आवाज आला.

“फुई, त्या पोरले म्हाईत व्हतं का? तिना आजा कोठला व्हता ते?”

“हाडं ते सांगत नहीत,” मी म्हटलं.

“फणी ठेवेल व्हती ना तिनाजोडे?”

“हाव.”

“मंग कोनीतरी तिना केस इंचरत व्हतं.”

भावानं पेपरची घडी घातली. केंटच्या मुलीची आणि सुनेच्या रक्ताची जोड त्याला कळली होती. हसू गेलं आणि त्या जागी जे आलं ते मी त्याच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं नव्हतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “ते डोंगरना लोकस्ना आजार शे. आपलामा नही.”

“तपासाथून निंघेल शे, दादा.”

“तिनामा निंघेल शे,” वहिनी म्हणाली. “तिना माहेरथून ऊना व्हई. आमना पोऱ्यानं काय?”

सुनेचं माहेर तापीच्या पलीकडे, आमच्यासारखंच शेतीवाल्याचं घर. तिच्या आईवडिलांनीही फोनवर हेच म्हटलं होतं: आमच्याकडे असलं काही नाही, सासरचं पाणी लागलं असेल. दोन्ही घरं एकमेकांकडे बोट दाखवत होती. मध्ये सून होती आणि तिच्या पोटात बाळ.

मी सांगितलं ते सोपं होतं. भाच्याचं रक्त तपासायचं. ते चांगलं निघालं तर बाळाला आजाराचा धोका नाही आणि घरात कोणालाही रागावायचं कारण उरत नाही.

“अन् चांगलं नही निंघनं तं?” भावानं विचारलं.

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“मंग गावले काय सांगू मी?” तो म्हणाला. “धाकली पोरनं लगन बाकी शे. आपलामा हाई निंघनं, इतलं कोनले समजनं तरी पुरे. कोनी दारशी उभा ऱ्हावाव नही.”

म्हणजे त्याला कळत होतं. रक्त तपासल्यानं दोष येत नाही, दोष आधीच आहे की नाही ते फक्त कळतं, हेही त्याला ठाऊक होतं. त्याला ते कळूच नये असं वाटत होतं. बाळाचे दिवस मात्र थांबणार नव्हते. गर्भाची तपासणी मोठ्या शहरात होते, ती ठराविक मुदतीत करावी लागते, आणि ती करायची की नाही हे बापाच्या रक्तावर ठरतं. शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला हे स्पष्ट सांगितलं होतं. सून ते घरात रोज सांगत होती. घरातलं कोणी ऐकत नव्हतं.

भाच्याकडे पाहिलं, तर तो नळी जोडण्यात गुंतला होता. कॉलेजात असताना त्याच्याकडे अशी तपासणी आली होती. डोंगराकडच्या आदिवासी मुलांची रांग लागली आणि मैदानी गावांतली मुलं निंबाखाली उभी राहून गंमत बघत होती. तपासायला आलेल्या माणसानं याला बोलावलं तेव्हा हा म्हणाला होता, “आमनं रगत फुकटमा नही भेटत, सर.” घरी येऊन त्यानं ते सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. मीही तिथे होते. जिल्ह्यातल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या घरांत ही चूक सर्रास होते. तपासणी आपल्यासाठी नसतेच, असं धरून चालायचं. सुनेचंही रक्त तपासलं गेलं ते गरोदर बायांचं सरसकट तपासतात म्हणून.

दुपारी मी निघाले. सून फाटकापर्यंत आली.

“फुई, मी तपासी लिधं, मंग मीच वाईट व्हयनू का?”

तिच्या हाताला पिठाचा वास होता. मी म्हटलं, “वाट देख. मी काही करस.”

बातमीत एक सूत्र बोलायला तयार नसलं, तर दुसरं शोधतात. दुसरं सूत्र कोण, हे एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. भावाचं आणि माझं रक्त एकाच आईबापाचं होतं.

सोमवारी मी नंदुरबारच्या एका सरकारी दवाखान्यात गेले. तपासणी साधी आहे. बोट टोचून रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या पाण्यासारख्या द्रावात सोडतात आणि थोड्या वेळानं नळीमागे छापील कागद धरतात. नळीतून अक्षरं वाचता आली तर रक्तात दोष नाही. द्राव गढूळ होऊन अक्षरं दिसेनाशी झाली तर दोष आहे, आणि मग पुढची मोठी तपासणी करून तो नेमका किती ते ठरवतात. तपासणाऱ्या ताईंनी वर्तमानपत्राची कापलेली पट्टी घेतली. कुठल्या तरी लिलावाची जाहिरात होती. त्यांनी ती नळीमागे धरली.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

माझं काम वाचण्याचंच होतं. नळीच्या डाव्या बाजूला ‘लि’ दिसत होता, उजव्या बाजूला ‘व’ दिसत होता. मधलं काही नव्हतं. दुधात पाणी घातल्यासारखा पांढुरका पडदा होता. मी चष्मा काढून पुसला आणि परत पाहिलं. त्या ताई म्हणाल्या, “घाबरू नका, तुम्हाला काही होणार नाही, या वयात कळलंय म्हणजे वाहकच असाल.” मोठ्या तपासणीतही तेच आलं. वाहक.

मला मूलबाळ नाही. माझ्यापुरता विषय तिथे संपत होता. पण या एका नळीनं भावाची बाजू बदलली होती. माझ्यात आहे म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून आलं आहे, आणि त्याच दोघांकडून भावाकडेही आलेलं असू शकतं. पुरावा नव्हता, शक्यता होती. शक्यतेवर बातमी देत नाहीत. बाळासाठी मात्र तेवढी पुरेशी होती.

मी परत कळसाडीला गेले. भाऊ शेतात पाण्याच्या मोटारीजवळ होता. उसाच्या सरीत पाणी चाललं होतं. मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं, वाकून सरीचा बांध नीट केला, फावडं धुतलं, मग विचारलं, “बाबास्कडथून का आईकडथून?”

“ते म्हाईत नही.”

आईचं माहेर मोठं होतं, चार मामा, प्रत्येक लग्नात त्यांचा आहेर आधी यायचा. उत्तरेला सातपुडा त्या दिवशी अगदी स्वच्छ दिसत होता.

“बाबास्ले मामा नव्हता,” तो म्हणाला.

हे आम्हा दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्याकडे लग्नात मामाशिवाय पान हलत नाही. नवरदेवाला मामा आणतो, मामाचा आहेर चारचौघांत मांडतात. वडिलांच्या लग्नात मामाच्या जागी भाऊबंदातला एक चुलता उभा राहिला होता, असं आम्ही ऐकलं होतं. वडिलांच्या आईकडची माणसं कुठे आहेत, असं विचारलं की मोठी माणसं म्हणत, मरून गेली. सगळीच्या सगळी कशी मरून गेली, असं आम्ही कधी विचारलं नाही. तिचं माहेरगाव कोणतं, तेही नाही. तिच्याकडच्या कोणाचा फोटो नाही, कोणाची पत्रिका कधी आली नाही. घरात एक माणूस आयुष्यभर राहून गेलं आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं.

ती डोंगरातली होती, असं यावरून म्हणता येत नाही. हा दोष इतर समाजांतही सापडतो. आईकडच्या चार मामांपैकी कोणाचंही रक्त तपासलेलं नाही. मी भावाला हे सगळं सांगितलं. तो ऐकत नव्हता.

“कोनले सांगजो नको,” तो म्हणाला.

“पोऱ्याले सांगसू.”

“बाई, मी तुले हात जोडस.” त्यानं खरंच हात जोडले. हाताला चिखल होता. “आजी गयी, बाबा गयात. आते कसाले उकरतीस?”

“बाळसाठे,” मी म्हटलं.

त्यानं हात खाली घेतले आणि मोटारीच्या पेटीकडे वळला. मी घरी आले. भाचा अंगणात होता, सून दारात. वहिनीसमोरच मी सांगितलं की दोष माझ्यातही निघाला आहे. वहिनी उभी होती ती खाटेवर बसली. इतके दिवस सुनेशी न बोललेली ती बाई सुनेकडेच पाहत राहिली. भाचा हसायला गेला, हसू जमलं नाही.

“चल,” सून त्याला म्हणाली. “आते तरी चल.”

तो आला. त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर. बोट टोचताना त्यानं तोंड फिरवलं. नळीत थेंब गेला. आम्ही वाट पाहिली. शेजारी डोंगराकडची एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. भाच्याची पांढरी पॅन्ट आणि घाबरलेला चेहरा पाहून तिनं सुनेला विचारलं, “पहिल्यांदा आला का?” सून म्हणाली, हो. ती बाई म्हणाली, “माझा बी पहिल्यांदा असाच होता. दारापर्यंत पळाला होता.” सुनेला हसू आलं, आणि ते आवरताना तिचे डोळे भरले.

तपासणाऱ्या ताईंनी नळीमागे पट्टी धरली. “वाचा.”

भाचा शाळेत वाचायला उभं केल्यासारखा ताठ झाला. त्यानं मोठ्यानं सुरुवात केली. “जिल्हा…” नळीच्या अलीकडचा शब्द त्यानं वाचला, मग थांबला. मान पुढे केली. परत म्हणाला, “जिल्हा…” सुनेनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. तिलाही दिसलं नाही. मी पाहिलं नाही. त्याच्या पाठीवरून मला कळलं होतं.

“चारमा एक,” सून म्हणाली. ती हे रोज मनात म्हणत असणार, इतकं ते सरळ आलं.

भाच्याच्या मोठ्या तपासणीचं उत्तर आलं, वाहक. तोवर मुदतीतले दिवस बरेच सरले होते. गर्भाच्या तपासणीसाठी मोठ्या शहरात जायचं ठरलं. पहाटे गाडी काढायला भाचा बाहेर गेला, तर चालकाच्या जागेवर भाऊ बसला होता. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. रस्ताभर तो गाडी फार सावकाश चालवत होता, खड्डा आला की आरशात सुनेकडे पाहत होता. एकदाच बोलला. चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, “आजारी निंघनं तं काय करतस?”

मी त्याला सांगितलं की ते ती दोघं ठरवतील. तो म्हणाला, “हाव, पन काय करतस?” त्यानं चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. मी दवाखान्यातल्या घोंगडीचं टोक दातांत धरलेल्या मुलीबद्दल त्याला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

पोटात सुई घालून गर्भाची तपासणी झाली. उत्तराला वेळ लागणार होता. ते दिवस घरात कसे गेले ते मी पाहिलं नाही, मी कार्यालयात होते. फोनवर वहिनी स्वयंपाकाचं सांगे, सून झोप येत नाही एवढं सांगे. भाऊ फोनवर येत नसे. मी माझ्या रकान्याला दुसरे विषय घेतले. केंटच्या मजकुरावर वाचकांची दोन-तीन पत्रं आली. एकानं लिहिलं होतं की परदेशातल्या मेलेल्या माणसांचे आजे शोधून आपल्याला काय मिळतं. मी ते पत्र छापायला दिलं.

उत्तर आलं ते मलाच कळवण्यात आलं, कारण नंबर माझा दिला होता. बातमी लिहून घ्यावी तसं मी कागदावर लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं. वाहक. आजारी नाही. पलीकडचा आवाज म्हणाला, बरोबर. मी कळसाडीला फोन लावला. सुनेनं ऐकलं आणि फोन तसाच धरून ठेवला. मागून वहिनीचा आवाज आला, “काय व्हयनं? बोल ना वं माय, काय व्हयनं?”

मुलगी झाली. आता ती चालते, धरून उभी राहते तेव्हा ओट्यावरच्या ठिबकच्या नळ्या ओढते. तिला काही झालेलं नाही आणि बहुधा होणारही नाही. तिच्या लग्नाच्या वेळी समोरच्याचं रक्त तपासावं लागेल. सुनेनं सांगून टाकलंय, “मी सांगसू तिले. ती इचारी त्याना पहिले.” धाकट्या भाचीचं रक्त मात्र अजून तपासलेलं नाही. विषय काढला की वहिनी उठून आत जाते.

घरी पाहुणे येतात. आमच्याकडे लहान मूल पाहिलं की पहिला प्रश्न एकच असतो. गेल्या महिन्यात भावाचे व्याही, सुनेचे वडील, आले होते. त्यांनी मुलीला उचललं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आणि म्हणाले, “कोनवर गयी वं ही?”

सून मुलीला परत मांडीवर घेऊन तिचे केस विंचरत होती. फणी थांबली नाही.

“आमनावर,” ती म्हणाली.

भाऊ उठला, टोपी घातली आणि मोटार चालू आहे का ते बघायला शेताकडे निघाला. त्या वेळी शेताला वीज नसते, हे ओट्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं.